केशवाचा चौथा हात

मनोहरराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्यावर चिडूनच होतो. आदल्या संध्याकाळी त्यांनी फर्मान सोडलं होतं, "साडभाऊ, उद्या एकादशी हाय, गाडी काढा." माझ्या गुडघेदुखीशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. सकाळी मी मोटरसायकल पुसून, पेट्रोल भरून तयार, आणि शालूताईंचा, म्हणजे माझ्या मेहुणीचा, फोन… "सुधाकरराव, हे उठूनच नाही राह्यले." जन्मभर दुसऱ्याला ताटकळत ठेवणाऱ्या माणसानं शेवटीही तेच केलं.

मलकापुरात एका कचेरीत त्यांनी कारकुनी केली आणि निवृत्त होऊन देऊळगाव राजाला, आमच्या शेजारी, येऊन राहिले. नाद एकच, विष्णूच्या जुन्या मूर्ती. शंख, चक्र, गदा, पद्म या चार आयुधांपैकी कोणत्या हातात कोणतं आहे त्यावरून देवाचं नाव बदलतं, अशी चोवीस नावं होतात, हे मला त्यांनी इतक्या वेळा ऐकवलं की मी झोपेतही म्हणू शकेन. खालच्या उजव्या हातापासून सुरुवात, मग वरचा उजवा, वरचा डावा आणि शेवटी खालचा डावा. कुठल्याही देवळात शिरले की पिशवीतून बॅटरी काढून देवाच्या हातांवर मारायचे आणि पुजाऱ्याला म्हणायचे, "थोडं वस्त्र सरकवा ना महाराज." मागे दर्शनाची रांग खोळंबलेली, लोक माझ्याकडे बघताहेत, जणू मीच यांना आणलंय! माझ्या पुतण्यासाठी मुलगी बघायला गेलो, तर हे थेट तिथल्या देवघरात. पितळी मूर्ती हातात घेऊन मुलीच्या वडिलांना सांगितलं, "तुमी याले नारायण म्हणता, पण हा माधव हाय." ते बिचारे तीन पिढ्यांपासून नारायण म्हणत होते. सोयरीक जमली ती मुलीच्या आईला हसू आवरलं नाही म्हणून.

आमच्यापासून अर्ध्या तासावरच्या एका खेड्यात पडकं देऊळ होतं. आत काळ्या पाषाणाची विष्णुमूर्ती, खालचा उजवा हात मनगटापासून तुटलेला. गावानं जीर्णोद्धार काढला, संगमरवरी मूर्ती आणली आणि ठरवलं की खंडित मूर्ती पुजू नये, तलावात सोडावी. हे कळल्यावर मनोहरराव मला जेवणाच्या ताटावरून उठवून घेऊन गेले. मूर्ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवली होती. हे ट्रॉलीत चढून तिच्याशेजारी बसले! मला तर पळून जावंसं वाटलं.

"वरच्या उजव्या हातात शंख दिसते ना? डाव्यात चक्र, खाली गदा. मंग तुटल्या हातात काय असंन?"

गावातली गंगूबाई म्हणून म्हातारी होती, ती पदर सावरत म्हणाली, "राह्यलं तं कमळच."

"मंग! हात गेला, पण नाव कुठं गेलं? हा केशव हाय. बुडवायचा तं नाव घेऊन बुडवा."

नाव घेऊन बुडवायला कुणाचा हात धजेना. नवी मूर्ती गाभाऱ्यात आणि जुनी सभामंडपात, अशी तडजोड झाली. पण पुजारी हटून बसला, "खंडित मूर्तीची पूजा मी नाई करत. तुमचा केशव तुमीच सांभाळा." हे लगेच "हाव" म्हणाले. गाडी माझी, पण मला विचारायची गरज त्यांना वाटली नाही. तेव्हापासून दर एकादशीला आमची खेप. तुटक्या मनगटाच्या खाचेत ते फूल ठेवायचे, हे त्याचं पद्म. झेंडू मिळाला तर झेंडू, एकदा तर नाल्याकाठचं बेशरमाचं फूल. मी म्हटलं, "देवाला बेशरम?" म्हणाले, "रंग तं कमळाचाच हाय ना!" अशा माणसाशी काय वाद घालणार…

तेरावं झाल्यावर पुढच्या एकादशीला मी एकटाच गेलो. शालूताईंनी पिशवी हातात दिली, आत बॅटरी. गावात पोचलो तर लोक कौतुकानं मला मंडपात घेऊन गेले. केशवाला सिमेंटचा नवा हात बसवलेला, वर चंदेरी रंग. पंजा उभा, कॅलेंडरातल्या देवासारखा आशीर्वाद देणारा. "मनोहररावायच्या आठवणीत देव पुरा केला," सरपंच म्हणाला. फूल ठेवायला जागाच उरली नव्हती, आणि पद्मच नाही म्हटल्यावर केशव आता केशव उरला नव्हता. ज्या नावासाठी ते ट्रॉलीत चढले, ते गावानं प्रेमानं पुसून टाकलं होतं. त्यांच्या जाण्यानंतर मी पहिल्यांदा रडलो तो तिथे, आणि संतापानं रडलो.

मग डोळे पुसले, बॅटरी काढली आणि मूर्तीच्या हातांवर मारली. "हा हात उतरवा," मी म्हणालो.

"काऊन? चांगला तं हाय!"

"खालच्या उजव्यापासून सांगतो, ऐका…" आणि मी सगळं सांगितलं, त्यांच्याच हेक्यानं, कुणी मधे बोललं तर दामटवत. पुजारी पुटपुटला, "हे बी त्यायच्यासारखेच निंघाले." अखेर गवंड्याला बोलावलं. त्यानं कुरकुरत, जपून ठोकत सिमेंट काढलं. खाच मोकळी झाली तशी मी आणलेलं फूल गंगूबाईनं माझ्या हातातून घेतलं आणि स्वतःच ठेवलं.

परत येऊन बॅटरी शालूताईंना द्यायला गेलो. त्या म्हणाल्या, "राहू द्या तुमच्याजवळच. पुढच्या एकादशीले लागंन." माझ्या गुडघ्यांचं या घरात कुणालाच काही पडलेलं नाही. तिथून दुकानात जाऊन बॅटरीचे नवे सेल तेवढे घेतले.