न हलणारा ठिपका

शेजारच्या सुमनवहिनी रोज मोबाइल घेऊन येतात. नकाशावरच्या निळ्या समुद्रात एक हिरवा ठिपका दिसतो. तो ठिपका म्हणजे एक जहाज; त्यावर त्यांचा मुलगा इंजिनिअर आहे.

"भाऊजी, तुम्ही जन्मभर बोटीवर होतात. नऊ दिवस झाले, ही हलत का नाही?"

"बंदरात गर्दी असेल, वहिनी."

मालकाने वाऱ्यावर सोडलेली जहाजंही अशीच नांगर टाकून उभी असतात, हे मी गिळतो. मी कुठे आहे हे माझ्या आईला पत्र येईपर्यंत कळायचंच नाही, आणि तोवर ती मला सुखरूप धरून चालायची. वहिनींना सगळं दिसतं, करता मात्र काहीच येत नाही.

मुलगा दिसेल म्हणून की काय, त्या दोन बोटांनी नकाशा मोठा करतात. ठिपका तेवढाच राहतो. समुद्र मोठा होत जातो.