स्वतःबद्दल दोन मिनिटं

मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असताना आमच्या शिरूरच्या कॉलेजला अचानक जगाची काळजी लागली. नगर रस्त्याला परदेशी कंपन्या आल्या होत्या. विद्यार्थी जागतिक स्पर्धेसाठी तयार झाले पाहिजेत, असं वरून परिपत्रकही आलं होतं. म्हणून शनिवारी व्यक्तिमत्त्व विकासाचा तास सुरू झाला. तो भूगोलाच्या सरांना दिला, कारण जग त्यांच्याच विषयात येत होतं.

सरांनी हात कसा मिळवायचा ते फळ्यावर आकृती काढून शिकवलं. मुलींनी मुलांशी मिळवायचा का, हा प्रश्न त्यांनी पुढच्या शनिवारवर ढकलला.

मग एका कंपनीचे साहेब ऑफिसातल्या जागांसाठी मुलाखती घ्यायला आले. मला ती नोकरी हवी होती. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि पोरीला शिकवून काय मिळवलं, असं आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पारावर रोज कुणीतरी विचारत होतं.

साहेब म्हणाले, स्वतःबद्दल सांगा, मराठीत चालेल. आमच्याकडं असं विचारलं की आधी गाव, मग घर, मग आजोळ सांगतात आणि समोरच्याला ओळख पटली की थांबतात. मी सांगत गेले. पूर्वी मेंढरं होती, आता कांदा असतो. चुलते तीन, आत्या दौंडला दिलेली. साहेबांना ओळख काही पटेना, म्हणून मी आजीच्या माहेरापर्यंत पोचले.

"आणि तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"मी त्यांचीच," मी म्हणाले.

ती नोकरी गेली.

पुढच्या कंपनीसाठी सरांनी इंग्रजीत उतारा लिहून दिला आणि मी तो पाठ केला. त्यात माझ्याकडं नेतृत्वगुण होते. मला प्रवासाचा छंद होता. उणीव विचारली तर मी जरा जास्तच काम करते, असं सांगायचं होतं. आईला ते कळलं असतं तर तिला ठसका लागला असता. मी घडाघडा म्हटलं आणि निवड झाली.

संध्याकाळी मळ्यात आप्पांना सांगितलं. ते खूश झाले, पण गडबडले.

"घर न्हाई इचारलं?"

"न्हाई."

"मग तू काय सांगितलंस?"

मी चाचरत सगळा उतारा मराठीत म्हणून दाखवला. खोऱ्यावर हात टेकून त्यांनी तो शेवटपर्यंत नीट ऐकला.

"चांगली वाटती पोरगी," ते म्हणाले. "कुणाची हाय?"