खीर आणि काळी बिअर

चंद्रपुरातली दारूबंदी उठली तेव्हा माझ्या नवऱ्याने पुण्यातली चांगली नोकरी सोडली आणि आम्ही इथे येऊन बिअर बनवायला लागलो. आम्ही म्हणजे तो. मी बौद्ध घरातली, रोज संध्याकाळी पंचशील म्हणत वाढलेली. दारूचा थेंब कधी तोंडात घातला नव्हता. माझं माहेर आरमोरीचं, गडचिरोली जिल्ह्यातलं, आणि तिथे बंदी अजून आहे. त्यामुळे वैनगंगेचा पूल ओलांडला की माझ्या आईचा जावई बेकायदा धंद्यातला माणूस होतो. आई त्याला प्रेमाने जेवायला वाढते, पण शेजारणींनी विचारलं तर तो कंपनीत आहे म्हणून सांगते. कोणत्या कंपनीत, ते आजवर कोणी विचारलेलं नाही.

बिअर त्याची, स्वयंपाकघर माझं. महिन्यातल्या एका रविवारी दुपारी आम्ही पाहुणे बोलवायचो आणि एकेका बिअरसोबत एकेक पदार्थ द्यायचो. गव्हाच्या हलक्या बिअरसोबत लाखोरीच्या डाळीचे गरम वडे. साध्या लागर बिअरसोबत तळ्यातला मरळ मासा, तर्री घातलेला. आयपीए म्हणजे त्याची ती कडूजहर बिअर. तिच्याबरोबर तिखट दिलं तर तोंडाला आग लागते, म्हणून तिला सांबारवडी, म्हणजे आमच्याकडची कोथिंबिरीची वडी, मिरची कमी घातलेली. आणि शेवटी स्टाउट, काळी, भाजलेल्या धान्याची, तिच्यासोबत गोड. तो हे सगळं पुण्यात शिकून आला होता. मी नाकाने काम चालवायची. पेला हुंगायचा, कढईवर वाकायचं, आणि दोघांचं जमेल की नाही ते सांगायचं. लग्नं जुळवणाऱ्या बायका जसं एका नजरेत सांगतात ना, तसं.

आमचा पहिला रविवार मात्र सपशेल फसला. आयपीए पिऊन एकही माणूस कडू म्हणेना. वकील, डॉक्टर, कोळसा खाणीतले साहेब, सगळे म्हणाले, पाणी आहे भाऊ हे. नवरा घाबराघुबरा होऊन आत आला. मी पडदा सारून बाहेर बघितलं आणि कपाळावर हात मारला. प्रत्येकाच्या दातांवर खर्ऱ्याचा रंग. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला हा माल आमच्याकडे लोक सकाळी उठल्यापासून तोंडात धरतात. दाराशी थुंकून आले होते बिचारे सज्जन, पण जीभ तर सकाळपासूनच बधीर. त्यांना कडुनिंबाचा पाला चारला असता तरी पुदिना म्हणाले असते. पुढच्या वेळेपासून मी दारातच बादली, पाण्याचा तांब्या आणि मुरमुऱ्यांचं ताट ठेवलं, आणि खळखळून चूळ भरल्याशिवाय कोणाला खुर्ची मिळणार नाही असं जाहीर केलं. खाणीतल्या साहेबांना जरा राग आला. येऊ दे म्हटलं.

गंमत अशी की ज्याच्यासाठी बादली ठेवायला हवी होती तो माणूस घरातच होता. माझा नवराही खर्रा खायचा. जिभेवर पोट असलेला माणूस, आणि जिभेवर चुना. मी बोलायची तेव्हा म्हणायचा, उलट याने जीभ जागी राहते. त्यात आमची वेगळीच भांडणं सुरू झाली होती. रोज जेवताना तिखट जास्त झालं म्हणायचा. मी मिरची अर्धी केली, तरी तेच. मग पाव केली, तरी डोळ्यांत पाणी. याला पुण्याचं पाणी लागलं, आपल्या मातीचं जेवण आता साहेबांना झेपत नाही, असं मी त्याला चारचौघांतही ऐकवायची. तो हसायचा. अर्ध्या तोंडाने हसायचा, हे तेव्हा मी बघितलं नाही.

मग एका रविवारच्या सकाळी मी वडे तळत होते आणि तो शेजारी उभा राहून चाखत होता. वड्याचे बारीक बारीक तुकडे करून, दोन बोटांनी ओठांतून आत सारत होता. माझं डोकं आधीच तापलेलं. म्हटलं, हे काय चिमणीसारखं, माणसासारखा अख्खा वडा खाऊन दाखवा बरं मला. तो टाळायला लागला, तशी मी वडा घेऊन त्याच्या तोंडासमोरच उभी राहिले. त्याने तोंड उघडलं. जेमतेम उघडलं. वडा दातांवर आपटून खाली पडला.

मी गॅस बंद केला. तो खाली बसून वड्याचे तुकडे गोळा करत राहिला आणि वर न बघता बोलला.

"वर्ष होत आलं. तोंड उघडत नाई आणि चव तं लागूनच नाई राह्यली. तुया हातचं काय कसं लागते ते मले आठवते, तेच सांगत जातो."

एवढे दिवस पाहुण्यांसमोर उभा राहून तो आठवणीतून बोलत होता. आधी लिंबाच्या सालीचा वास येईल, मग धणे, मग जवस. आणि स्वतःच्या तोंडात फक्त आग. मला रडू आलं आणि रागही आला. दोन्ही एकदम आलं की मी भांडी आपटते, तशी आपटली.

नागपूरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्याला स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात घालायला सांगितली. एकच गेलं. खर्ऱ्याने गालाची कातडी आतून दोरीसारखी ताठ होते, म्हणाल्या. गालात एक पांढरा डाग होता, त्याचा तुकडा तपासायला गेला. तो निकाल येईपर्यंत आम्ही दोघं एकमेकांशी इतक्या नीट बोलत होतो की घरातल्या भिंतींनाही संशय आला असेल. कॅन्सर नव्हता. आज नाही, बाई म्हणाल्या, उद्याचं याच्या हातात आहे. खर्रा बंद, तिखट बंद, दारू बंद, बिअरचा घोटसुद्धा नाही. रोज लाकडी पट्ट्या दातांमध्ये धरून जबडा ताणायचा. चव परत येईल का, हे त्याने तीन वेळा विचारलं. थोडी येईल, कदाचित नाही येणार, एवढंच त्या म्हणाल्या.

परतीच्या गाडीत तो खिडकीबाहेर बघत होता. जीव वाचला याचं त्याला काही वाटत नव्हतं. जीभ गेली तर मी कोण, हाच त्याचा प्रश्न होता.

खर्रा त्याने सोडला, ते दिवस मी सांगत बसत नाही. ज्यांच्या घरी कोणी सोडला आहे त्यांना ठाऊक आहेत. पण बिअर चाखायची कोणी? नाकाने अर्धंच कळतं. मी आरमोरीला आईकडे गेले आणि सगळं सांगितलं. चाखणारे लोक घोट तोंडात फिरवून थुंकून टाकतात, हेही सांगितलं. आईने निवडत्या तांदळातला एक खडा काढून बाजूला टाकला. जावयाचा आजार तिला आम्ही नागपूरहून आलो तेव्हाच कळला होता.

"थुंकून टाकशील ना? मंग हो त्याची जीभ. गिळायची नाई."

तेव्हापासून मी चाखते आणि थुंकते. थुंकण्याच्या बाबतीत आमच्या जिल्ह्याला कोणी शिकवायला नको. तो समोर दातांत पट्ट्या धरून बसतो, त्याला बोलता येत नाही, आणि मी सांगते: ही जरा आंबली, ही छान, हिला भाजल्या चण्यासारखी चव. तो कागदावर काय लिहायचं ते लिहितो, मान हलवतो. इतक्या वर्षांत आमचं इतकं बोलणं कधी झालं नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात पुन्हा पाहुणे बोलवले. स्टाउटसोबत मी मोहफुलांची खीर केली होती. फुलं सुकवलेली, माहेरची. ती तांदळाबरोबर दुधात शिजवली की मनुकांसारखी फुगतात. वर गूळ, आणि बाकी काही नाही. मोहाला स्वतःचा वास असतो, त्यात दुसरं काही घातलेलं मला खपत नाही.

पाहुणे यायच्या आधी तो आत आला आणि चमचाभर खीर मागितली. गोड त्याला चालायचं. त्याने घास जिभेवर धरला, डोळे मिटले, आणि मग त्याचा चेहरा असा काही उजळला की माझ्या हातातला झारा तसाच राहिला.

"वेलची टाकली ना वं तू?" तो म्हणाला. "लागून राह्यली मले. खरंच लागून राह्यली."

खिरीत वेलची नव्हती. त्याने आठवणीतलीच कुठलीतरी खीर चाखली होती. मी फटकळ बाई, आजवर मीठ कमी असलं तर सासऱ्यांच्याही तोंडावर सांगत आले. त्याच्याकडे बघितलं.

"हो," मी म्हटलं, "टाकली."

तो शीळ घालत बाहेर गेला. मी डब्यातून वेलची काढली, घाईघाईने कुटली आणि सगळ्या पातेल्यात ढवळली. मग बाहेर पाहुण्यांसमोर काळी बिअर आणि खिरीच्या वाट्या गेल्या. त्याने सांगितलं, आधी भाजलेल्या गुळासारखं लागेल, मग मोह, आणि सगळ्यात शेवटी वेलची. लोकांनी चाखलं आणि माना डोलावल्या. खरंच लागत होती.