सुदामच्या बैलाचं पांघरूण

"म्हैस व्याली," एवढा निरोप आला की टाकळकर सर भरल्या ताटावरून उठत. बर्फाचा डबा स्कूटरला अडकवून हा पशुवैद्यकाचा प्राध्यापक खेड्यात वार, म्हणजे वासरामागून पडणारा जार, आणायला निघे. वारेचा पातळ पापुद्रा धुऊन जनावराच्या भाजलेल्या अंगावर बसवला तर जखम लवकर भरते का, हे त्यांचं संशोधन. परभणीत लोक त्यांना मागून 'वारवाले डॉक्टर' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं.

मी त्यांचा सहायक. चुकीचं बोललेलं त्यांना खपत नसे. लग्नाच्या पंगतीत कुणी "तुपानं मोडलं हाड सांधतं" म्हणालं, की हातातला घास खाली ठेवून दुरुस्ती करत. यजमान वैतागत. वारेबद्दल तर एकच पालुपद: "कातडं त्याचं त्यानंच भरतंय. आपण निस्तं पांघरूण घालायचं. काम झालं की ते आपसूक गळतंय, ओढून काढायचं न्हाई."

नामांतराच्या दंगलीत ताडकळसकडच्या एका गावात गावकऱ्यांनीच बौद्धवाडा पेटवला. त्या वाड्यातल्या सुदामचा एक बैल गेला, दुसऱ्याची पाठ सोलून निघाली. हाही गेला तर रब्बीची पेरणी बुडणार होती. त्याच सुमारास गावात गयाबाईंची म्हैस व्याली. वार वडाला टांगली की दूध वाढतं, अशी तिथली समजूत; त्यामुळे ती सहसा कुणी देत नसे. पण मला भीती वेगळीच होती. "सर, बैल कुणाचा ते सांगू नका," मी वाटेत म्हणालो.

गयाबाईंनी विचारलंच, "बैल कुणाचा?"

"सुदामचा, काकू. पाठ जळालीय."

गयाबाई बराच वेळ म्हशीवरून हात फिरवत राहिल्या. जाळपोळीच्या वेळी त्यांचे दोन्ही मुलगे कुठे होते, हे गावाला माहीत होतं.

"न्या," त्या म्हणाल्या. "वडाला काय अन् बैलाला काय. पर नीट बांधा."

पाठ भरली. शेजाऱ्याचा बैल जोडीला घेऊन सुदामची पेरणी झाली. भाजल्या जागी पांढरे केस उगवले. पुढे एकदा आम्ही गेलो, तर गयाबाई सुदामच्या दारात उभ्या. बैलाच्या पांढऱ्या ठिगळावर त्यांचा हात होता.

"ही आमच्या म्हशीची कातडी हाय," त्या सांगत होत्या. बैल हलू नये म्हणून सुदामने कासरा तेवढा आखूड धरला होता.

आता सर दुरुस्ती करणार, म्हणून मी पाहू लागलो. सर गप्प.

परतताना राहवेना. "सर, ती कातडी तर बैलाचीच ना?"

"हो की," सर म्हणाले. "पर आत भरायलंय अजून. पांघरूण इतक्यात ओढायचं न्हाई."