कौसल्याबाईंचं शांत बोलणं

राळेगावकडच्या कौसल्याबाईंचा आवाज म्हणजे शेतातली पाखरं उडवायचं खात्रीचं साधन. कापसाचे भाव पडले त्या साली मानसशास्त्राच्या एका मॅडमनी संशोधनासाठी त्यांना आठ दिवस शिकवलं : शिवी न देता, नजर न चुकवता, शांतपणे म्हणणं मांडायचं.

परीक्षा खरेदी केंद्रावर होती. मॅडम वही घेऊन मागे उभ्या राहिल्या. कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरनं बैलबंडीतला कापूस मुठीत दाबला.

"ओला आहे. परत न्या."

तीन दिवस रांगेत काढून परत? कौसल्याबाईंनी शिवी गिळली. "साहेब, तुमची अडचण मले समजते. पन माहा कापूस कोरडा आहे, असं मले वाटते."

"तुमची भावना मला समजते," ग्रेडर गोड हसला, "पण मी माझ्या मतावर ठाम आहे."

मेल्यानंही हेच प्रशिक्षण घेतलं होतं!

बाईंनी त्याच्याच मुठीतली एक सरकी उपसली, त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि ती दातांनी फोडली. कट्ट! ओली सरकी दबते, कोरडीच फुटते, हे रांगेतल्या सगळ्यांना ठाऊक.

"आता कोरडा लिव्ह, मुडद्या!"

रांग खदखदली. ग्रेडरनं कापूस काट्यावर घेतला.

"शेवटी आवाज चढलाच," मॅडमनी वहीत फुली मारली.

"माह्या आवाजाचं काय घेऊन बसल्या? सरकीचा लिव्हा!"