मी इंटिनची बाजू घेतली

एडिनबरामधल्या आमच्या लॅबमध्ये मी एका प्रोटीनचे दोन अर्धे भाग जोडत होते. जोडायचं काम इंटिन करतो. हा प्रोटीनचाच एक छोटा भाग; दोन टोकं एकमेकांना जोडून देतो आणि स्वतः सुटून बाजूला होतो, लग्न जमवून जेवायलाही न थांबणाऱ्या मध्यस्थासारखा. मला तो पहिल्यापासून आवडला.

पण माझे तुकडे काही जुळेनात. जोड लागायच्या आतच एक तुकडा इंटिनपासून तुटून जायचा. प्रोफेसर म्हणाले, "हा इंटिन बेकार आहे. शुक्रवारपर्यंत बघू, नाहीतर हे बंद करून तू दुसऱ्या प्रोजेक्टवर ये." मला भयंकर राग आला. खोट इंटिनमध्ये नाही याची मला खात्री होती. सिद्ध करता येत नव्हतं, एवढंच.

मंगळवारी सकाळी कोल्ड रूममध्ये बफरची, म्हणजे प्रोटीन ज्या द्रावणात ठेवतो त्याची, बाटली उघडली आणि सडक्या लसणीसारखा वास नाकात शिरला. डीटीटी नावाचं रसायन. प्रोटीनं नको तिथे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून आमच्याकडे ते सगळ्याच बफरमध्ये पडतं. बफर सगळ्यांसाठी एकत्रच बनतो, आणि त्या आठवड्याची पाळी माझ्या नागपूरच्या मैत्रिणीची होती.

"यात डीटीटी कशाला?" मी तिला बाटली दाखवून विचारलं.

"अगं, ऑलवेज घालतो ना आपण. स्टँडर्ड रेसिपी आहे ती."

"इंटिन जोड लावायच्या आधी एक बाँड सैल करतो. डीटीटी नेमकं तिथेच घुसतं आणि तो तोडून टाकतं. तुकडे जुळणार कसे?"

तिने बाटलीवरचं लेबल वाचलं. मग म्हणाली, "डीटीटीऐवजी टीसेप ट्राय कर. प्रोटीन सांभाळेल, त्या बाँडच्या वाटेला जाणार नाही."

मी माझा वेगळा बफर बनवला, प्रोटीन नव्याने काढलं आणि कोणालाही काही सांगितलं नाही. शुक्रवारी प्रोटीनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर बघितलं, तर वर जोडलेल्या प्रोटीनची ठसठशीत पट्टी आणि खाली एकटा सुटलेला इंटिन. मी स्टुलावर बसून एकटीच हसले. तो फोटो घेऊन थेट प्रोफेसरांच्या केबिनमध्ये गेले.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ पाहिलं. "सुंदर. हा नवा इंटिन कुठून मिळवलास?"

"नवा नाही," मी म्हटलं. "आज तुम्ही बंद करणार होतात, तोच."