तहानेची गोळी

सासऱ्याला मी पाहिलेलं नाय. पोलीस ॲक्शन झाली, त्याच्यानंतर थोड्याच वर्सांत ते गेले. घरात सगळे सांगायचे, निजामाच्या रझाकारांनी कुशीत लाथा घातल्या, तवापासून लघवीतून रगत यायचं, त्यातच गेले. पुढं माझा मालक गेला. त्याचं पोट दिवस भरलेल्या बाईसारखं फुगलं व्हतं. लोक म्हणले, मोंढ्यात पोती उचलून इजा झाली.

मग माझ्या पोराच्या कुशीत दुखाया लागलं. त्यानं ना कुणाच्या लाथा खाल्ल्या, ना पोतं उचललं. शेंद्र्याला कंपनीत कामाला व्हता, क्रांती चौकातून कंपनीची बस धरायचा.

दवाखान्यात पोटाचा फोटू काढला. दोन्ही गुर्द्यांत, किडनीत, पाण्याचे फोड, द्राक्षाचा घड असतो तसे. खानदानी आजार हाय म्हणले, याला औषध नाय.

तिथंच ती डॉक्टरीणबाई भेटली. ती दुसरे पेशंट बघायची नाय, याच आजाराचं औषध शोधायची. मला शेजारी बसवलं आन सासऱ्याचं, मालकाचं, दिराचं सगळं इचारलं. कुणाचं पोट फुगलं, कुणाला रगत जायचं. मी सांगत गेले. शेवटी ती म्हणली, "आजी, रझाकारांनी हात लावला नसता ना, तरी ते याच आजारानं गेले असते." मला त्याचं बरं वाटलं का वाईट, आजून सांगता येत नाय.

"आणि माझ्या लेकरांना?" पोरानं इचारलं. त्याला एक पोरगी, एक पोरगा.

"छापा का काटा," ती म्हणली. "मोठी झाल्यावरच कळेल."

तिनं आधी उंदरांना औषध दिलं व्हतं. त्यांच्या गुर्द्यातले फोड वाढायचे मंदावले. आता माणसांना देऊन बघायचं व्हतं. बरं करते असं काय ती म्हणली नाय. फोडांची वाढ कमी होती का, तेवढंच बघणार. पण आमाला तेवढं बी लई व्हतं.

त्या गोळीचं एक व्हतं. ती घेतली का धो-धो लघवी व्हायची आन घसा सुकायचा. बाईनं बजावून सांगितलं, तहान लागली का प्यायचं, थांबायचं नाही. पाणी मिळालं नाही तर गोळी घ्यायची नाही आन मला फोन करायचा. ज्याच्या घरी पाण्याची सोय हाय त्यालाच ती घेत व्हती. पोरानं सांगून टाकलं, बोअर हाय मॅडम, बारा महिने पाणी.

घरी येऊन हे त्यानं हसत हसत बायकोला सांगितलं. मी म्हणलं, "कुठाय रे आपला बोअर?"

"गल्लीच्या टोकाला हाय की."

"तो आटून दोन वर्सं झाली."

"माय, तू जरा गप ऱ्हा."

हिवाळा निभला. उन्हाळ्यात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी यायला लागलं. आमी पाच माणसं, ड्रम दोन. त्यातलं अर्धं तर हाच प्यायचा. कळशी उपडी करून सून बसायची. त्याला दिसायचं ना. लेकरं आंघोळीबिगर शाळंत जायची, तेबी दिसायचं.

मग त्यानं पाणी तोडलं. गोळी चालू ठेवली आन पाणी तोडलं. त्याला वाटलं, कमी प्यालो तर लघवी बी कमी व्हईल. सुनेला बी तेच वाटलं. बसला मधी थांबा नाय, कंपनीत घडीघडी उठलं का साहेब बोलतो. सकाळी बाटली भरून न्यायचा, संध्याकाळी तीच बाटली अर्धी वापस. मी इचारलं का म्हणायचा, कंपनीत प्यालो. पण व्हट पार फुटलेले.

एक दिवस त्यानं सदरा उलटा घातला. सांगितलं तर नुसता बघत ऱ्हायला. मग मला म्हणला, "माय, बाबा आले का बाजारातून?"

त्याचा बाप जाऊन किती वर्सं झालेली.

"बाईला फोन कर," मी म्हणलं.

तेवढ्यात तो भानावर आला. "फोन केला का काढून टाकतील मला. मग? बाबासारखं फुगून मरू का?"

फोन तसाच ऱ्हायला. म्या बघितलं व्हतं ना ते मरण.

त्याच आठवड्यात रईवारी बाईचाच फोन आला. सगळ्या पेशंटांची घरं बघत फिरते, दुपारी तुमच्याकडं येते. पोरगा बसला तसा उठला. आमचे ड्रम तळाला गेलेले. शेजारी एक मुसलमान बाई ऱ्हायची, तिला सगळे खाला म्हणायचे. तिच्याकडं गेला आन तिचे तीन ड्रम तिच्याच लेकांकडून सरकवत आमच्या दारात आणले.

खाला मागं मागं. "शादी का दिखावा है क्या रे ये? ले जाव, लेकिन पानी को हात नै लगाना हां. हमकू भी परसों तलक चलाना है."

"नाय लावत, खाला. तुझी कसम."

बाई आली. सुनेनं आधी तांब्याभर पाणी ठेवलं. पोरानं ड्रमांची झाकणं काढून दाखवली, पाक काठोकाठ. बाई बघत ऱ्हायली. एका ड्रमावर हिरव्या रंगानं मोठं ७८६ लिहिलेलं. नात पटकन त्याच्यापुढं जाऊन हुबी ऱ्हायली, फ्रॉक पसरून.

"जुन्या बाजारातून घेतलाय," पोरगा म्हणला. त्याची जीभ जड झालेली. बोलताना नजर सारखी ड्रमातल्या पाण्यावर. तीन ड्रम पाणी पुढ्यात आन त्याला घोट घेता येत नव्हता. खालाची कसम खाल्ली व्हती.

बाई माझ्याकडं वळली. "आजी, पाणी पुरतं ना सगळ्यांना?"

सुनेनं मान खाली घातली. पोरगा माझ्याकडं बघत व्हता. असं तर त्यानं लहानपणी बी कधी बघितलं नव्हतं. व्हय म्हणलं तर गोळी ऱ्हाती. नाय म्हणलं तर गोळी जाती. मला तो उलटा सदरा दिसायला लागला.

"नाय पुरत," मी म्हणलं. "ड्रम शेजारणीचे हायती. चार दिवस झाले, हा पाणी पेत नाय. मेलेल्या बापाला इचारत व्हता."

"माय!" एवढंच म्हणला तो.

बाईनं लगेच त्याची नाडी धरली, जीभ बघितली. तिच्याच गाडीत घालून दवाखान्यात नेलं. पाण्याबिगर रगतातलं मीठ लई चढलं व्हतं. हळूहळू सलाईन लावून उतरवलं. तिसऱ्या दिवशी ती त्याच्या खाटंपाशी आली. रागावली व्हती.

"तुला काही झालं असतं तर मी काय लिहिलं असतं? औषधानं झालं, हेच ना? मग हे औषध तिथंच बंद पडलं असतं. तुझ्या लेकरांना लागलं तर कुठून आणलं असतं?"

त्यानं तोंड भिंतीकडं केलं. गोळी बंद झाली, ती कायमची.

घरी आला. खालाचे ड्रम परत गेलेले. माझ्याशी बोलायचा नाय. माझ्यासमोर येऊन मोठा गिलास तोंडाला लावायचा, घटाघटा प्यायचा आन उपडा आपटायचा, बघ म्हणून. मी बघायची. सगळा संपला का नाय तेवढं बघायची आन गवारीच्या शेंगा मोडायची. पाऊस पडेस्तोवर हेच चाललं.

पुढं ती गोळी खरंच दुकानात आली म्हणत्यात. नातीला आजार निघाला. ती पुण्याला ऱ्हाती, ती घेती गोळी. तिथं पाणी रोज येतं. मी फोनवर आधी तेच इचारते.

पोराचे गुर्दे तवर थकले व्हते. आठवड्यातून तीनदा मशीनवर जातो, रगत धुवायला. गोळी चालू ऱ्हायली असती तर आणखी काही वर्सं निघाली असती का, म्हणून मी एकदा बाईला इचारलं. ती म्हणली, "सांगता येत नाही आजी." खोटं बोलली नाय, तेवढं बरं केलं.

मशीनवर जाणाऱ्याला पाणी मोजून द्यायचं असतं. अंगात साठतं. सून कामाला जाती, म्हणून गिलास माझ्याकडं. परवा दुपारी ऊन लई व्हतं. मला म्हणला, "माय, घोटभर दे ना."

"तुझं आजचं झालं."

"तवा पेत नाय म्हणून बाईला सांगितलं, आता पेतो म्हणून देत नाय. तुझं बी काय खरं नाय बघ."

"व्हय," मी म्हणलं. माठावर झाकण ठेवलं, त्याच्यावर गिलास उपडा घातला आन तिथंच बसून ऱ्हायले.